कात्री आणि भरवसा

एझरा पाउंडने ‘द वेस्ट लँड’ला कात्री लावली, एवढेच आपण सांगत आलो. १९७१ साली छापले गेलेले मूळ खर्डे आणि त्या काळची पत्रे याहून अधिक सांगतात. चौथ्या भागातील लांबलचक सागरवर्णन पाउंडने छाटले. दहाच ओळी उरल्या. तेव्हा धीर सुटलेल्या एलियटने त्याही गाळू का, असे विचारले. पाउंडने त्या राखायला लावल्या. बुडालेला फ्लीबस त्याला कवितेत हवाच होता. कवीचा डळमळलेला विश्वास सावरला तो कात्री धरणाऱ्यानेच. तरीही त्याची प्रत्येक सूचना एलियटने मानली नाही. मराठी संपादकांनी काय गाळले याच्या आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांनी काय राखायला लावले, तेही आता शोधायला हवे.