पर्वतगीतांचा खरेपणा : फेंग मेंगलोंगच्या ‘शान्‌गे’विषयी

सूझौचा साहित्यिक फेंग मेंगलोंग (१५७४–१६४६) याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी ‘शान्‌गे’ म्हणजे पर्वतगीते हा संग्रह सिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतील युक्तिवाद असा : पर्वतगीते कीर्तीसाठी अभिजात कवितेशी स्पर्धा करीत नाहीत, म्हणून कविता खोटी असू शकते, पर्वतगीत मात्र नाही. स्त्री-पुरुषांच्या खऱ्या प्रीतीच्या बळावर नीतिधर्माचे बनावट औषध उघडे पाडण्याचा हेतूही तो सांगतो. आधाराला ‘शी चिंग’मधील प्रणयगीते घेतो, कन्फ्यूशियसने ती वगळली नाहीत, हे त्याचे प्रमाण.

हा खरेपणा नेमका कोणाचा, हा प्रश्न संग्रह वाचू लागताच उभा राहतो. दहा खंडांपैकी नऊ वू बोलीतील आहेत, दहावा आन्हुई प्रांतातील तोंगचेंगच्या गीतांचा. पण काही गीते खुद्द फेंगची व त्याच्या परिचितांची आहेत, आणि ही गोष्ट तो टिपांत लपवीतही नाही. सहाव्या खंडातील नित्याच्या वस्तूंवरील द्व्यर्थी गीतांत तर शब्दचातुर्य सुशिक्षितांच्या मैफलीला शोभेल असे आहे. गीतांतून बोलणारी स्त्री बहुधा पुरुषांच्या लेखणीतून आलेली आहे. गीत छापले गेले की ते स्पर्धेबाहेर राहत नाही, हे फेंगसारख्या मुद्रणव्यवसायाच्या जाणकाराला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

तरीही संग्रहाला दिखाऊ ठरविणे अन्यायाचे होईल. वू बोलीला स्थिर लेखनपद्धती नव्हती. उच्चार साधण्यासाठी फेंग चिन्हे उसनी घेतो. कोणता शब्द सूझौकडे कसा उच्चारला जातो आणि त्यामुळे यमक कसे जुळते, हे टिपांत सांगतो. त्याचा खरेपणा भावनेपेक्षा नादाच्या या निष्ठेत अधिक सापडतो. प्रस्तावनेतील घोषणेला मिळालेल्या प्रसिद्धीत ही बाजू झाकोळली.

त्याला एक ऐतिहासिक कारणही आहे. पेकिंग विद्यापीठात १९१८मध्ये लोकगीत-संकलनाची चळवळ सुरू झाली. गू चिएगांग याचा वू गीतांचा संग्रह १९२६मध्ये निघाला. ‘शान्‌गे’ची प्रत १९३४मध्ये हाती आली आणि १९३५मध्ये ती गूच्या प्रस्तावनेसह छापली गेली, तेव्हा तीत ‘जनतेचा आवाज’ ऐकण्यास अभ्यासक आधीच सिद्ध होते.

भारतीय तौलनिकाला येथे ‘गाथासप्तशती’ आठवणे स्वाभाविक आहे. कोटी गाथांतून सातशे निवडल्याची हालाची ग्वाही, ग्रामीण स्त्रीचा स्वर आणि मागे राजनाम असा हा परिचित योग आहे. मात्र महाराष्ट्री प्राकृत ही काव्यभाषा म्हणून मान्यता पावली, वैयाकरणांनी तिचे नियमही बांधले. फेंगसमोरच्या वू बोलीला असा आधार नव्हता. हालाच्या नावावर निवड जमा आहे. फेंगला निवडीच्या आधी बोली लिहावी कशी, हेच ठरवावे लागले.