ओरेगॉन: एकच प्रश्न, दोन उत्तरं

फेब्रुवारी 2021 पासून ओरेगॉनमध्ये स्वतःपुरते ड्रग्ज बाळगणं गुन्हा राहिलं नाही. फक्त 100 डॉलर दंड; हेल्पलाइनला फोन केला की तोही माफ. 2023 च्या एका पेपरने म्हटलं, यामुळे ओव्हरडोसचे मृत्यू वाढले. 2024 च्या दुसऱ्या पेपरने फेंटानिल तिथल्या बाजारात कधी पसरलं तेही मॉडेलमध्ये घातलं, आणि परिणाम गायब! फेंटानिल पश्चिमेकडे उशिरा, नेमकं त्याच सुमारास पोचलं होतं. पहिल्या पेपरमध्ये हेच सुटलं. दुसरा मला जास्त पटतो. पण मोजले दोघांनीही मृत्यूच. उपचाराला किती जण आले, किती टिकले? त्यासाठीचा निधी तर कित्येक महिने रखडलेला. म्हणजे तपासला गेला तो अर्धाच कायदा. सप्टेंबर 2024 पासून तिथे तो पुन्हा गुन्हा आहे.