दोरा कापला तर?

विज्ञान प्रदर्शनात रेल्वे सिग्नलचे चालते मॉडेल हमखास असते. पुठ्ठ्याचा तांबडा हात, त्यावर पांढरा पट्टा, मागे दोरा. रंगकाम बहुधा सुबक असते. आमची तक्रार आहे ती दोऱ्याबद्दल. तो ओढला की हात आडवा होतो, म्हणजे 'थांबा'. सोडला की लोंबतो, म्हणजे 'जा'. आता दोराच तुटला तर? हे मॉडेल गाडीला खुशाल पुढे बोलावील! खऱ्या सिग्नलची रचना नेमकी उलट असते, आणि शिकण्याजोगे आहे ते हेच.

फलाटावर आपण 'सिग्नल पडला' म्हणतो. पण तो आपणहून पडत नाही, पाडावा लागतो. केबिनमधला लिव्हर ओढला की लांबलचक तार ताणली जाते आणि हात खाली झुकतो. तार तुटली तर तोल राखणाऱ्या वजनामुळे तो पुन्हा आडवा होतो. (हात वर उचलला जातो त्या प्रकारात हे काम हाताचे स्वतःचे वजनच करते.)

ही दृष्टी अपघातांतून आली. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन येथे हिमवर्षाव चालू होता. तिथल्या सिग्नलचा हात एरवी 'जा' याच स्थितीत, खांबाच्या खाचेत असे. खाचेत बर्फ गच्च बसला. लिव्हर 'थांबा'वर होता, हात मात्र हललाच नाही. एक एक्स्प्रेस कोळशाच्या गाडीवर आदळली आणि काही वेळाने त्या ढिगाऱ्यावर दुसरी येऊन धडकली. त्यानंतर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने हात खांबाबाहेर आणला आणि त्याची एरवीची स्थिती 'थांबा' ठरवली.

मॉडेल सुधारणे अवघड नाही. हात २० सेंमी लांब व १० ग्रॅम वजनाचा असेल, तर त्याचे वजन टेकूपासून १० सेंमीवर आहे असे धरता येते. आघूर्ण १०० ग्रॅम-सेंमी. टेकूच्या मागे पुठ्ठ्याची छोटी शेपटी ठेवून ४ सेंमीवर २५ ग्रॅमहून जड, समजा ३० ग्रॅमचा नट बांधावा. हात आडव्याच्या वर जाऊ नये म्हणून एक खिळा ठोकावा. दोरा हाताच्या बाजूला बांधून खाली ओढावा. शेपटीचे वजन हिशेबात घेतलेले नाही. ते आपल्याच मदतीला येते.

पुढच्या प्रदर्शनात परीक्षकांनी खिशात कात्री ठेवावी. सिग्नल पाडलेला असताना दोरा कापावा, आणि मगच गुण द्यावेत.