वाङ्मयाची ढाल

मतस्वातंत्र्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडील साहित्यिक मंडळी एका ठरावीक जागी जाऊन उभी राहतात. ही कलाकृती आहे, कलाकृतीस व्यवहाराचे नियम लावू नयेत, लेखकास थोडी सूट असावी, असा त्यांचा युक्तिवाद असतो. प्रस्तुत लेखकानेही पुष्कळ वर्षे वर्गात हेच सांगितले आहे. अलीकडे मात्र हा युक्तिवाद मला उत्तरोत्तर डळमळीत वाटू लागला असून त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत.

पहिले कारण जुने आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. कथा विराटपर्वातली, सर्वांच्या परिचयाची. ही तर पुराणकथा, तीत राजद्रोह कसला, असे म्हणण्याची सोय त्यामुळे आयतीच होती. आणि ज्याच्या डोक्यावर खटल्याची तलवार टांगलेली आहे त्याने तसे म्हटले, तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु टीकाकाराने तरी ते म्हणू नये. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० सालच्याच 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथात या नाटकाची उकल केली आहे: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल पक्ष. हा गृहस्थ आपला मित्र खचित नव्हे. याच ग्रंथावरून लोकमान्यांनी त्याच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते तो हरले. (छापील शब्दांचा निवाडा न्यायासनाने करावा असे खुद्द टिळकांसही एकदा वाटले होते, ही गोष्ट आपण सोयीने विसरतो.) तथापि वाचक या नात्याने चिरोल चुकला, असे काही मला म्हणवत नाही. त्याचे निदान बरोबर होते. त्यावरून सरकारने योजलेला उपाय तेवढा चुकीचा होता.

कारण 'कीचकवधा'तील खरा झगडा कीचक आणि सैरंध्री यांचा नाहीच. अज्ञातवासाची मुदत संपेपर्यंत सोसावे म्हणणारा धर्मराज आणि एक रात्रही सोसावयास तयार नसलेला भीम, या दोन भावांमध्ये तो आहे. आणि त्या वर्षी सुरतेच्या काँग्रेसमध्ये जे फुटले तेच या दोघांमध्ये तुटते आहे, हे प्रेक्षकास कळावे अशीच खाडिलकरांची योजना आहे. हा अर्थ काढून घेतला तर मागे एक बरे पौराणिक नाटक उरते, त्याहून अधिक काही नाही. म्हणजे नाटकास निर्दोष ठरविण्यासाठी त्यातला जीवच आधी काढून घ्यावा लागतो. असल्या समर्थनाने लेखकाचे प्राण वाचत असतील, पण त्याचे म्हणणे वाचत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील 'सखाराम बाइंडर'ची हकीकत सर्वश्रुत आहे. १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाने घातलेला अडथळा उच्च न्यायालयात दूर झाला, आणि कमलाकर सारंगांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये तो सारा काळ लिहून ठेवला आहे. तेव्हा जय झाला हे खरे; पण तेंडुलकरांसारख्या नाटककाराची थोरवी सांगावयास साक्षीदारांचा तोटा नसतो. ज्याच्या वाक्याची थोरवी सांगावयास कोणी उभे राहणार नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे निवर्तले. दुसऱ्या दिवशी व्यवहार बंद होते, आणि पालघर येथील एका तरुणीने फेसबुकावर त्या बंदविषयी चार साध्या ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाखाली दोघींना अटक झाली, आणि एकीच्या चुलत्याच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. पुढे खटला मागे पडला, पोलीस अधिकारी निलंबित झाले. पालघर हे आमच्या पनवेलसारखेच मुंबईच्या छायेत वाढलेले गाव; त्यामुळे वर्गात याविषयी बोलणे निघते तेव्हा मुले ती गोष्ट शेजारघरची असल्यासारखी ऐकतात. एकदा मी सवयीने कवीच्या स्वातंत्र्याकडे वळलो, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मी कविता करत नाही. मग मला सूट कोणाकडे मागायची?" मजजवळ उत्तर नव्हते. त्या चार ओळींत उपमा नव्हती, ध्वनी नव्हता; वाङ्मयाच्या कोणत्याही कसोटीने त्यांचे मोल शून्य. आणि तरीही, अशा अटकांमुळे दाखल झालेल्या याचिकांवर निकाल देताना २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ हे कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कोणास त्रास झाला, कोणास वाईट वाटले, एवढ्यावरून गुन्हा होत नाही. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि प्रत्यक्ष चिथावणी वेगळी, असे न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी त्यात स्पष्ट केले. यात थोर लेखनास सवलत दिलेली नाही. बोलणाऱ्या सर्वांचा हक्क मान्य केलेला आहे.

त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, १४ मे २०१५ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठापुढे वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा निकाल लागला. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात ती छापली गेली, आणि त्यावरून लातूरला अश्लीलतेचा खटला उभा राहिला. येथे काव्याच्या बाजूने बोलण्यात काहीही उणे राहिले नव्हते. न्यायालयाचे साहाय्यक म्हणून फली नरिमन उभे होते, म्हणजे आधीच्या निकालाच्या लेखकाचे वडीलच. कविता म्हणून ती मला सर्वांशी रुचत नाही. तिच्यातील यादी लांबते, आणि धक्का देण्याची हौस काही ठिकाणी अर्थाच्या पुढे धावते. परंतु तिचा रोख गांधींवर नाही. गांधींचे नाव वापरून आपापला धंदा चालविणाऱ्या साऱ्या समाजावर आहे, हे साध्या वाचनातही दिसावे. न्यायालयाने मात्र असे ठरविले की, इतिहासातील आदरणीय पुरुषाचे नाव घेऊन अश्लील भाषा योजली तर समकालीन समाजाच्या अभिरुचीची कसोटी अधिकच कडकपणे लावावी. काव्याची सूट तेथपर्यंत पोहोचत नाही. सूट म्हणून जे मागितले होते, त्याची मर्यादाही देणाऱ्यानेच आखली.

या निकालाचा शेवटचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. ज्यांनी कविता छापली त्यांनी पुढील अंकात बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून त्यांची मुक्तता झाली. कवीला मात्र लातूरच्या खटल्यास तोंड देण्यास सांगण्यात आले. कविता छापून येऊन तेव्हा एकवीस वर्षे होत आली होती.