‘श्रीक’ आणि किंकाळी

‘श्रीक’ या इंग्रजी शब्दासाठी ‘किंकाळी’ हा प्रतिशब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो लिहिताना भाषांतरकाराची लेखणी क्षणभरही थबकत नाही. ती थबकावी, असे मला वाटते. इंग्रजीत हा ध्वनी घुबडाचा असतो, इंजिनाचा असतो, भ्यालेल्या स्त्रीचा असतो आणि हसून बेजार झालेल्या मुलांचाही असतो. शब्द ध्वनीची जात सांगतो. कंठ कोणाचा, ते सांगत नाही. मराठीची रीत बव्हंशी याच्या उलट आहे. हत्तीचा चीत्कार, घुबडाचा घूत्कार, मोराची केका, कोल्हेकुई, टिटवीची टिवटिव : आपण आधी कंठ ओळखतो आणि मग ध्वनीला नाव देतो. याला कोणी शब्ददारिद्र्य म्हणणार नाही. परंतु कंठ अनोळखी ठेवणे हाच जेथे मूळ लेखकाचा हेतू असतो, तेथे ही श्रीमंतीच आड येते.

किंकाळीत भय असते, संकट असते आणि बहुधा माणूस असतो. ‘किंचाळणे’ या क्रियापदाचा स्वभाव निराळा. ‘उगाच किंचाळू नकोस’ असे आई मुलाला दटावते. ‘उगाच किंकाळी फोडू नकोस’ असे कोणी म्हणत नाही, कारण किंकाळी ऐकणारा दटावीत बसत नाही, धावत सुटतो. भाषांतरित कादंबरीत ‘तिने आनंदाने किंकाळी फोडली’ असे वाक्य आले म्हणजे वाचक अडखळतो तो यामुळेच. आम्हा जबलपूरकरांच्या, त्यातून घमापुरासारख्या वस्तीत वावरणाऱ्यांच्या, कानांवर हिंदी अखंड असते. तान्ह्या मुलाच्या हर्षध्वनीसाठी तिच्याजवळ ‘किलकारी’ हा गोड शब्द आहे. तो उसना घेण्याचा मोह मला कित्येकदा झाला आहे आणि त्यात काही वावगे आहे असे मी मानीत नाही.

इंजिनाचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा; बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १८५३ साली. नव्या ध्वनीला लोकांनीच ‘शिट्टी’ म्हटले आणि निभावून नेले.

खरी कसोटी ‘मॅक्बेथ’मध्ये लागते. शि. म. परांजपे यांच्या ‘मानाजीरावा’पासून शिरवाडकरांच्या ‘राजमुकुटा’पर्यंत (१९५४) हे नाटक मराठीत पुनःपुन्हा आले आहे. दुसऱ्या अंकात डंकनचा खून होत असता लेडी मॅक्बेथ दचकते आणि ते घुबड होते, अशी स्वतःची समजूत घालते. तेथे ‘श्रीक’ आहे. चौथ्या अंकात रॉस स्कॉटलंडची दशा सांगतो : हवा फाडणाऱ्या ‘श्रीक’ उठतात आणि कोणी त्यांची दखलही घेत नाही. पाचव्या अंकात आतून स्त्रियांचा आकांत ऐकू येतो, तेव्हा मॅक्बेथला आठवते, की रात्रीची एखादी ‘श्रीक’ एके काळी आपल्याला गोठवून टाकीत असे. तोच शब्द पक्ष्याकडून प्रजेकडे आणि प्रजेकडून मारेकऱ्याच्या बधिर झालेल्या कानाकडे जातो. घुबडाला घूत्कार, प्रजेला आक्रोश आणि शेवटी किंकाळी अशी वाटणी केली, तर प्रत्येक वाक्य मराठीत शुद्ध उतरेल आणि नाटकाचा हा धागा मात्र तुटेल.

शिवाय ‘घूत्कार’ येथे वस्तुस्थितीलाही सोडून आहे. इंग्लंडात ज्याला पूर्वी ‘स्क्रीच आउल’ म्हणत, ते आपले गव्हाणी घुबड. ते घुमत नाही. चिरक्या, घासल्यासारख्या आवाजात ओरडते. ‘किंचाळी’ हा शब्द कोणी सुचवील, पण त्यात त्रासिकपणा अधिक, भय कमी. ‘कर्कश आवाज’ हा तर ध्वनी नव्हे, ध्वनीविषयीचा अभिप्राय झाला.

म्हणून तिन्ही ठिकाणी मी ‘किंकाळी’च ठेवीन, विशेषतः घुबडासाठी. घुबड किंकाळी फोडीत नाही, अशी खूण मुद्रितशोधक समासात करील. परंतु त्या रात्री लेडी मॅक्बेथच्या कानाला पक्षी कोणता आणि माणूस कोणता हे निश्चित कळत नाही आणि किंकाळीतला माणूस येथेच उपयोगी पडतो.