क्षेत्र आणि बीज : गर्भधारणापूर्व सिद्धतेविषयीच्या मराठी लेखनातील एका रूपकाचा विचार

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दुसऱ्या अध्यायात, गर्भ संभवण्यास चार गोष्टींचे सान्निध्य अवश्य मानले आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. या चारींच्या योगाने अंकुर फुटतो त्याप्रमाणे गर्भ राहतो, असा दृष्टांत तेथे दिला आहे. गर्भधारणेसाठी शरीर नैसर्गिक रीतीने कसे सिद्ध करावे हे सांगणारी 'गर्भसंस्कार' या नावाखालची जी पुस्तके मराठीत विपुल निघाली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आरंभी हाच दृष्टांत भेटतो. विदर्भासारख्या शेतीवर जगणाऱ्या प्रदेशातील वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. परंतु या लेखनात रूपक टिकले आणि त्याचे अवयव मात्र गळाले, असे म्हणावे लागते.

डल्हणाच्या टीकेत या अवयवांचा अर्थ स्पष्ट आहे. क्षेत्र म्हणजे गर्भाशय, संपूर्ण स्त्री नव्हे. अंबू म्हणजे आहारापासून निर्माण होणारा पोषक रस. आणि बीज म्हणजे पुरुषाचे शुक्र व स्त्रीचे आर्तव ही दोन्ही. म्हणजे वैद्याच्या दृष्टीने स्त्री ही बीजाची समान वाटेकरी आहे. याच्या शेजारी मनुस्मृतीचा नववा अध्याय ठेवला म्हणजे अंतर ध्यानी येते. तेथे स्त्री क्षेत्रभूत आणि पुरुष बीजभूत अशी सरळ वाटणी असून श्रेष्ठत्व बीजाकडे दिले आहे. शब्द तेच, पण एक विचार शरीराच्या व्यापाराचा आहे आणि दुसरा मालकीचा. मराठी मार्गदर्शक लेखन नाव सुश्रुताचे घेते आणि रूपक मनूचे चालवते. शेताची मशागत सांगताना ते पानेच्या पाने खर्च करते. बियाण्याची पारख मात्र एका परिच्छेदात उरकते. आहार, विहार, श्रवण, चिंतन, वस्त्रे यांविषयीचे जवळजवळ सर्व आदेश पत्नीला उद्देशून असतात. साहजिकच पीक न आल्यास दोष कोठे जातो हे सांगावयास नको.

भाषेने हा पक्षपात आधीच करून ठेवला आहे. 'वांझ' हा शब्द झाडाला, गाईला आणि स्त्रीला लागतो. अपत्य न होणाऱ्या पुरुषासाठी त्याच्या तोडीचा नित्याचा शब्द मराठीत नाही. 'षंढ' आणि 'नपुंसक' हे असामर्थ्य दाखवतात, बीजाची उणीव दाखवीत नाहीत. पुल्लिंगी 'वांझोटा' आहे, परंतु तो वादासारख्या निष्फळ गोष्टीला लागतो, नवऱ्याला सहसा नाही! तुकोबांचा बीज आणि फळ यांविषयीचा प्रसिद्ध अभंगही या पुस्तकांतून संततीविषयीचा म्हणून उद्धृत होतो. वस्तुतः त्याचा रोख वाणी, देह आणि चित्त यांच्या शुद्धतेकडे आहे.

'नैसर्गिक' हे विशेषणही तपासून घेतले पाहिजे. चरकाच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात दांपत्याची जी सिद्धता सांगितली आहे ती निसर्गावर सोपवलेली नाही. स्नेहन, स्वेदन, वमन, विरेचन आणि बस्ती असा तो श्रमसाध्य क्रम आहे, आणि तो स्त्री व पुरुष या दोघांसाठी आहे. त्यानंतर पुरुषाने मधुर औषधींनी संस्कारित दूधतूप घ्यावे आणि स्त्रीने तेल व उडीद घ्यावेत, असे विधान येते. या उपायांचे आजचे मोल काय हा प्रश्न वेगळा. आणि पुत्रच व्हावा म्हणून त्याच अध्यायात आलेला पुंसवनविधी तर आज सर्वथा त्याज्य होय. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही १९९४ च्या कायद्यात २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने निषिद्ध ठरली आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, शास्त्रकाराने तयारीची अट दोघांना घातली होती.

सुश्रुताची दुसरी अट वयाची. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात पंचवीस वर्षांच्या वराला बारा वर्षांची वधू संमत आहे. परंतु लगेच पुढे असे बजावले आहे की, सोळा वर्षे पूर्ण न झालेल्या स्त्रीच्या ठिकाणी पंचवीस न गाठलेल्या पुरुषापासून राहिलेला गर्भ पोटातच बाधतो, आणि जन्मला तरी फार जगत नाही किंवा दुर्बल राहतो. विवाह आणि गर्भधारणा यांत वैद्याने चार वर्षांचे अंतर ठेवले. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून केवळ बारावर नेण्याचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्रात गर्भाधानसंस्काराच्या नावाने केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. ज्या परंपरेचा आधार घेतला गेला तिच्यातील शस्त्रवैद्याचे वचन त्या कायद्याच्याही चार पावले पुढे होते.

अंबूचा विचार आधुनिक काळात खऱ्या अर्थाने पुढे गेला तो मुंबईत. १९२८ मध्ये तेथे आलेल्या लुसी विल्स या इंग्रज संशोधिकेने गिरणीकामगार वर्गातील गरोदर स्त्रियांच्या एका विशिष्ट पांडुरोगाचा अभ्यास केला. सदोष आहार हे त्याचे मूळ असून यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे स्त्रीला कळण्याच्याही आधी. म्हणून फोलिक आम्ल रोज ४०० मायक्रोग्रॅम आधीपासूनच घ्यावयाचे असते. ही गोळी 'नैसर्गिक' नाही म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणे हा शब्दाचा मोह होय. पालेभाजी आवश्यकच आहे. तिला गोळीचा विटाळ नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या 'सरस' प्रकल्पात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे आणि दूध यांचा रोजचा खाऊ देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष मार्मिक आहे. एकंदरीने पाहता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही; ज्यांनी किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅम अधिक भरले, आणि अगदी कृश स्त्रियांना हाही लाभ मिळाला नाही. वर्षानुवर्षे उपासलेले शरीर एका हंगामाच्या खताने भरून येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. 'तीन महिने आधी' ही सूचना ज्या घरात सून शेवटी आणि उरलेले जेवते त्या घराला पुरेशी नाही; तेथे सिद्धता मुलीच्या लहानपणीच सुरू व्हावयास हवी. या विषयावरील मराठी पुस्तके बदाम, केशर आणि साजूक तुपाची यादी देतात तेव्हा त्यांचा वाचकवर्ग कोणता, हे न सांगता कळते.

राहिले बीज. शुक्राची घडण पूर्ण होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा पुरुषाच्याही सिद्धतेला कालावधी आहेच. नागपुरात ज्याच्या गालात सकाळपासून खर्रा असतो त्याने बायकोच्या पथ्यावर देखरेख ठेवावी, हे दृश्य विनोदी नव्हे. तंबाखूने शुक्राची हानी होते हे आज निश्चित आहे.

त्याहून मोठी गोष्ट नागपूरच्याच मातीतील. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवाहकत्वाची नोंद १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली. विदर्भातील आदिवासी आणि काही अनुसूचित जातींमध्ये हा आनुवंशिक रक्तदोष विशेष आढळतो. वाहक बहुधा निरोगी दिसतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला पूर्ण रोगाचा संभव चारांत एक असतो. तूप, श्रवण, पथ्य, व्रत यांपैकी कशानेही हे प्रमाण बदलत नाही, आणि यात दोष कोणाचाही नाही. फक्त ते आधी कळणे शक्य आहे, आणि त्यासाठी दोघांचे रक्त तपासावे लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. बीज दोघांचे, या डल्हणाच्या अर्थाला याहून उघड पुरावा मिळणे कठीण. असे असूनही 'गर्भधारणेपूर्वी' या मथळ्याखाली नागपूरकर स्त्रीच्या हाती जे मराठी पुस्तक पडते, त्यात नवऱ्याच्या रक्ताविषयीचा हा प्रश्न क्वचितच आढळतो.