पुल्चिनेल्लाचे नाक

"आबा, या सगळ्यांची नाकं सारखीच कशी हो?" नातवाने विचारले, आणि एका स्नेह्याने दिलेले ते चित्रांचे पुस्तक मला पुन्हा पहिल्या पानापासून पाहावे लागले.

व्हेनिसच्या जांदोमेनिको त्येपोलोने ही चित्रे सत्तरीच्या घरात काढली. १७९७ साली नेपोलियनपुढे व्हेनिसचे जुने प्रजासत्ताक कोसळले, त्याच सुमारास म्हातारा टाक आणि तपकिरी शाई घेऊन बसला. एकंदर १०४ पाने. नाव ठेवले 'मुलांची करमणूक'. १९२० साली लंडनच्या लिलावात हा संच विकला गेला आणि पुढे पाने देशोदेशी पांगली.

नायक पुल्चिनेल्ला, म्हणजे नेपल्सकडच्या मुखवट्यांच्या नाटकातला खादाड विनोदी गडी. उंच टोपी, ढगळ पांढरा अंगरखा, पाठीला पोक, आणि काळ्या अर्ध्या मुखवट्याला चोचीसारखे नाक. इंग्रजांचा बाहुला 'पंच' याच्याच वंशातला. परंतु त्येपोलो त्याला नाटकातून उचलून संसारात आणून सोडतो. हा टर्कीच्या अंड्यातून जन्मतो, लग्न करतो, लाकडे फोडतो, शिंपीकाम करतो, फासावर जातो. मुखवटा मात्र कधीच उतरत नाही, तान्हेपणीही नाही! चेहरा बोलत नाही म्हणून सारा भाव पाठीच्या बाकात आणि पायांच्या ठेवणीत उतरतो. ती किंचित थरथरती रेघ पाहावी आणि गप्प बसावे. काही पानांवर गर्दी फार झाली आहे, काही जनावरे त्याने स्वतःच्याच जुन्या चित्रांतून पुन्हा आणली आहेत, हेही खरे. पण फासाच्या पानावर हसू ओठांवरच थबकते. मुलांची करमणूक म्हणे!

आम्हा टेंभुर्णीकरांना हे पाहताना तमाशातला सोंगाड्या आठवणारच. यात्रेत वगाला रंग भरला की राजाची फजिती तोच करी, आणि बोलता बोलता गावातल्या बड्या धेंडांनाही चिमटा काढी. खादाडपणा तोच, मार खाणेही तेच. फरक एकच, पण मोठा: आमच्या सोंगाड्याला मुखवटा नाही. 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार म्हटला की दादू इंदुरीकरांचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. पुढे ती भूमिका कोणीही करो, प्रेक्षक मनात त्यांनाच शोधतो. तिकडे नट गेला तरी नाक उरते, दुसरा ते लावून उभा राहतो, आणि चित्रकाराला ते परक्या शहरातही ओळखीचे सापडते. आमचा सोंगाड्या आपले नाक आपल्याबरोबरच घेऊन जातो. त्याची आठवण राहते ती आवाजात आणि डोळ्यांच्या मिचकावणीत, आणि या दोन गोष्टी टाकाला सहजी सापडत नाहीत.

एवढे सगळे मी नातवाला सांगितले. त्याने वही ओढून सोंगाड्या काढायला घेतला. धोतर झाले, फेटा झाला. मग टाक थांबला.

"आबा, याचं नाक कसं काढू?"